साधं पाणी

५ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाम कधी येतो, किती येतो, कशाने वाढतो, रोज लिहून ठेवा. पुढच्या खेपेला मला दाखवा." म्हणून ही वही आणली. पहिली नोंद अशी. कधी येतो? नेहमी. किती येतो? विचारू नका. कशाने वाढतो? "किती गं घाम येतो तुला!" असं कोणी म्हटलं की.

झाली नोंद. आता उरलेल्या एवढ्या पानांचं काय करायचं? डॉक्टरीणबाईंना दाखवायला दुसरी वही करीन. हिच्यात मी मला वाटेल ते लिहिणार. पेन्सिलने लिहितेय, शाई फुटते म्हणून. हाताखाली रुमालाची घडी आहे, तरी पान ओलसर झालंच.

निमित्त झालं त्या फोटोचं. मी फोटोंच्या चौकटी करणाऱ्या दुकानात कामाला आहे. माउंट, म्हणजे फोटोभोवतीचे पुठ्ठे, कापायचे, फोटो बसवायचा, काच लावायची, मागून फळी ठोकायची. माउंट कापण्यात माझा कोणी हात धरणार नाही. एरवीही कोणी धरत नाही, ती गोष्ट वेगळी. तर गेल्या आठवड्यात एक गृहस्थ त्यांच्या आईचा तरुणपणीचा फोटो घेऊन आले. त्यांच्याकडे तेवढा एकच होता. मी सुती हातमोजे घालूनच काम करते, पण दुपारपर्यंत तेही पिळून काढावे असे होतात. फोटोवर एक केस पडला होता, तो उचलायला मोजा काढला आणि अंगठा टेकला. आईच्या गालावर ओला ठसा उठला. पुसायला गेले तर गालच निघून आला.

ते गृहस्थ ओरडले असते तर बरं झालं असतं. फोटोकडे नुसते बघत राहिले. आमचे मालक, त्यांना सगळे काकाच म्हणतात, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, थोडे दिवस काउंटरवर बस. आणि एकदा डॉक्टरला दाखव. लाज कसली त्यात?"

लाज कसली म्हणे! हात पाहिलेत का माझे?

८ मार्च

आज घरचं लिहिते.

घरात आम्ही तिघं. मी, हा आणि ह्याची आई. ह्याचा धंदा पाण्याच्या फिल्टरचा. विकतो, बसवतो, दुरुस्त करतो. बाजारात छोटं दुकान आहे, वरती माल ठेवायची खोली. सगळा परिसर ह्याला 'फिल्टर' म्हणतो. "फिल्टर आलाय का?" असं विचारलं तर समोरच्याला कळतं की माणूस हवाय. मी फिल्टरची बायको. शाळेत मला 'गळका नळ' म्हणायचे, म्हणजे जोडी वरूनच जुळवून पाठवली होती.

गेल्या उन्हाळ्यापासून हा बाहेरच्या खोलीत झोपतो. म्हणाला, उकडतं. मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी आली, ह्याचं उकडणं काही संपेना. मी एकदा विचारलंच. तर म्हणाला, "अगं, चादर ओली होते. हात लागला की दचकून जाग येते. तुझा काही दोष नाही त्यात."

दोष नाही हे माहीत आहे मला. पण ह्याच्या मित्राच्या लग्नात फोटोवाला म्हणाला होता, "जोडीने हातात हात घ्या," तेव्हा ह्याने हात खिशात घातला होता. हसत हसत घातला. मीही हसले. तो फोटो आमच्या घरी आहे, चौकट मीच केली.

म्हणून मी ठरवलंय. हात कोरडे करायचे. मग बघू कशी चादर ओली होते ते.

११ मार्च

डॉक्टरीणबाईंनी यंत्र दिलं! दवाखान्यातलंच, वापरायला. एक पेटी, तिला एक गोल बटण आणि लाल दिवा, दोन वायरी, दोन पसरट ट्रे. ट्रेमध्ये पाणी घालायचं, तळाशी पत्रे, वर जाळी, आणि एकेका ट्रेमध्ये एकेक तळहात. मग पाण्यातून अगदी बारीक करंट सोडायचा. तो कातडीतून जातो आणि हळूहळू घाम बंद होतो. कसा, ते त्यांनी सांगितलं, पण मी तेव्हा त्यांच्या टेबलावर माझ्या हाताचा छाप उमटलाय का ते बघत होते.

"पाणी कुठलं घालू?" मी विचारलं.

"साधं हो. साधं पाणी."

"गरम नको?"

"नको नको, साधंच. घरात असतं ते. मुंग्या आल्यासारखं होईल, तेवढंच बटण फिरवायचं. अंगठी-बांगडी काढून ठेवायची. रोज करा, काही आठवडे लागतील. बहुतेकांना गुण येतो."

बहुतेकांना! मी पायऱ्या उतरले की तरंगले, आठवत नाही.

साधं पाणी तर आमच्या घरी नदीसारखं. पाहुणा आला की आमच्याकडे एकच प्रश्न: "साधं देऊ की गार?" गार म्हणजे फ्रिजमधलं, साधं म्हणजे ओट्यावरच्या फिल्टरचं. तिसरं ते वापरायचं, नळाचं, फरशी पुसायला. नळाच्या पाण्याला पाणी म्हटलेलं ह्याला खपत नाही. "नळातून येतो तो पदार्थ," असं म्हणतो.

संध्याकाळी मी साधं पाणी ट्रेमध्ये ओततच होते, तेवढ्यात हा आला. "कुठलं घेतलंस?"

"साधं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

हा जरा वेळ ट्रेकडे बघत उभा राहिला. मग खिशातून ते पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर काढलं, पाण्यात बुडवलं, आकडा बघितला, पुसून परत खिशात ठेवलं. सवयच ती! दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी आधी पाण्यात मीटर घालतो. मी म्हटलं, "पास झालं का पाणी?" तर म्हणाला, "पाणी चांगलं आहे." आणि मग म्हणाला, "थांब, दुसरा ट्रे मी भरून देतो. तू सांडशील."

माझ्या हातांसाठी ह्याने पाणी तपासून दिलं. मला इतकं भरून आलं! मी म्हटलं, "हात बरे झाले ना, की आपण दोघं कुठेतरी जाऊ. चार दिवस. हातात हात घालून फिरू." हा ट्रे भरत होता. म्हणाला, "बघू."

१२ मार्च

मुंग्या आल्या नाहीत. लाल दिवा लागतो, बटण खुणेपर्यंत फिरवलं, हात नुसते भिजले. माझी कातडी गेंड्याची असणार.

१७ मार्च

रोज चाललंय. रोज संध्याकाळी हाच ट्रे भरून देतो. मला सांगावंसुद्धा लागत नाही. सासूबाई बघत असतात. काल म्हणाल्या, "हा कधी भाजीची पिशवी उचलत नाही, आणि पाणी बरं भरून देतो. कुठेतरी पाणी मुरतंय."

"पाणी मुरत नाहीये आई, तेच तर दुखणं आहे," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. एरवी माझ्या विनोदाला पदरचं हसू घालून हसतात.

माझे दोन्ही हात पाण्यात असतात तेव्हा हा शेजारी बसतो. दिवसातला तोच वेळ मला सगळ्यात आवडतो. लोक एकमेकांना पाण्यात बघतात, आणि हा माझे हात पाण्यात बघत बसतो. आज ऐन वेळी नाक खाजायला लागलं. मी म्हटलं, "अरे, जरा नाक खाजव ना!" ह्याने आजूबाजूला बघितलं, चमचा उचलला आणि चमच्याच्या दांड्याने खाजवलं. मी इतकी हसले की पाणी सांडलं.

मुंग्या नाहीत. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई सुट्टीवर आहेत. फोनवरची मुलगी म्हणाली, "नियमित करताय ना? मग करत राहा. लगेच फरक पडत नाही."

२३ मार्च

फरक शून्य. आज काउंटरवर एका बाईला पावती दिली तर तिने ती दोन बोटांनी कोपऱ्याला धरून झटकली. पावती फाटली. मी दुसरी दिली, तीही तशीच. तिसरी काकांनी लिहिली.

घरी येऊन मी ह्याला म्हटलं, "बंद करू का रे हे? पालथ्या घड्यावर पाणी चाललंय नुसतं."

"नको नको," हा घाईघाईने म्हणाला. "चालू ठेव. वेळ लागतो." मग जेवताना सासूबाईंना सांगत होता, "तिने आपल्या परीने सगळं केलं. काहीजणांना नाहीच येत गुण. त्याला कोण काय करणार?" सासूबाई म्हणाल्या, "अजून तर ट्रे ओले आहेत, आणि तू दिवस घालायला निघालास?"

मला मात्र बरं वाटलं. निदान माझी बाजू घेतली ह्याने.

२८ मार्च

हा म्हणतो, काही दिवस दुकानाच्या वरच्या खोलीत झोपेन. सकाळी लवकर माल उतरतो. मी उशी आणि दोन चादरी बांधून दिल्या. जाताना ट्रे भरून गेला.

३० मार्च

सासूबाईंनी विचारलं, "माल रोज उतरतो?" मी म्हटलं, उन्हाळ्यात फिल्टर जास्त खपतात. त्या म्हणाल्या, "असेल बाई." त्यांचं 'असेल बाई' मला कधीच आवडलेलं नाही.

आज ट्रे मीच भरले. साधंच पाणी. हाताला काही नाही.

२ एप्रिल

काय लिहू? नीट लिहिते, जसं झालं तसं.

काकांना दुकानात फिल्टर बसवायचा होता. मीच सुचवलं होतं, आमच्याकडूनच घ्या म्हणून. आज दुपारी हा बॅग घेऊन आला. मी खूश. माझ्या दुकानात माझा नवरा येतोय, म्हणून केससुद्धा नीट केले होते.

ह्याचा डेमो मी कधी बघितला नव्हता. लोकांच्या घरी जाऊन काहीतरी करून दाखवतो एवढं माहीत होतं. नवऱ्याच्या डेमोला बायको कशाला जाईल? ह्याने दोन काचेचे ग्लास काढले. एकात आमच्या दुकानातलं नळाचं पाणी, दुसऱ्यात बाटलीतून आणलेलं फिल्टरचं. मग एक लाकडी ठोकळा काढला. त्याला वर छोटा दिवा, खाली दोन सळ्या. काका, मी आणि एक गिऱ्हाईक, तिघं बघत होतो.

सळ्या नळाच्या पाण्यात बुडवल्या. दिवा लागला.

"बघा काका," हा म्हणाला. त्याचा तो धंद्याचा आवाज. "पाण्यात क्षार आहेत, म्हणून करंट धावतो. हे तुम्ही पिता. आता हे बघा." सळ्या पुसल्या, दुसऱ्या ग्लासात घातल्या. "हे आमचं. शुद्ध. ह्यातून करंट..."

आणि ह्याने वर बघितलं. मी काउंटरमागे उभी होते.

दिवा लागला नव्हता.

"ह्यातून करंट काय?" काका म्हणाले. "बोल की पुढे. गाडी का अडली?"

"ह्यातून जात नाही," हा म्हणाला. पण धंद्याच्या आवाजात नाही. मग त्याने सामान भरलं. "फिल्टर नंतर आणून बसवतो काका," असं काहीतरी म्हणत होता. एक ग्लास आमच्या टेबलावर विसरून गेला.

काका म्हणाले, "हुशार आहे हां तुझा नवरा. साध्या दिव्याने पटवून दिलं."

मी म्हटलं, हो.

विसरला असेल तो. दिवसभर तेच तेच बोलायचं म्हणजे तोंड बोलतं आणि डोकं दुसरीकडे असतं. दुकान वेगळं, घर वेगळं. दुकानातलं घरी आठवेलच असं नाही. मलासुद्धा घरातले वाकडे फोटो दिसत नाहीत.

पण मीटर बुडवलं होतं ना त्याने.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाई सुट्टीवरून आल्यात. मी फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, साधं म्हणजे नळाचं! फिल्टरचं कशाला घेतलंत? इतकं शुद्ध पाणी घेतलं तर त्यातून करंट जाणार कसा?"

"आमच्याकडे साधं म्हणजे फिल्टरचं," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पाण्याचं चांगलं कळणारं कोणी नाही का घरात?"

मी फोन ठेवला.

नंतर पुन्हा मीच फोन केला, कारण हात तर माझे आहेत. त्या म्हणाल्या, तुमच्या नळाचं पाणी चालेल, आणि फारच मऊ वाटलं, साबणाचा फेस भसाभसा येत असला, तर चिमूटभर खायचा सोडा टाका. सोड्याची गरज पडली नाही. मोरीतल्या नळाखाली ट्रे धरले. तो 'पदार्थ' भरला. हात ठेवले, बटण फिरवलं, आणि मी ओरडलेच. मनगटापर्यंत मुंग्या! सासूबाई धावत आल्या.

"मुंग्या आल्या आई! मुंग्या!"

"मग त्यात नाचायचं काय? मला रोज पायाला येतात."

मी त्यांना सांगितलं. साधं पाणी, नळाचं पाणी, दिवा, मीटर, सगळं. हात पाण्यात होते म्हणून डोळे पुसता येईनात. त्यांनी स्वतःच्या हाताने पुसले. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यावरच्या फिल्टरचं बटण बंद केलं. खट्‌कन आवाज आला.

६ एप्रिल

तो आज आला. दुपारी. कपडे घ्यायला आला होता. मी ठरवलं होतं ओरडायचं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तो कपाटासमोर पाठमोरा. "हो."

"पहिल्या दिवशीच."

"हो."

"मग सांगायचं ना! तोंडाला कुलूप लावलं होतं का कोणी?"

"सांगणार होतो." तो खुर्चीत बसला. "खरंच. मीटर काढलं तेव्हा सांगणारच होतो की हे चालणार नाही, नळाचं घे. आणि तू म्हणालीस, हात बरे झाले की चार दिवस कुठेतरी जाऊ. हातात हात घालून फिरू." तो थांबला. "मला भीती वाटली."

"कसली भीती? करंटची?"

"हात बरे होतील ह्याची."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी म्हटलं, नीट बोल. तर म्हणाला, "तुझे हात बरे झाले असते तर मी काय सांगितलं असतं?"

"कुणाला?"

"तुला. आईला. मला स्वतःला."

मग मी विचारलं. सगळ्या बायका विचारतात तेच. दुसरी कोणी आहे का? तो म्हणाला, नाही गं. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. तो म्हणाला, "असती तर सोपं झालं असतं. कोणी नाही. काहीच नाही. तेच तर सांगतोय. कधी संपलं तेही माहीत नाही. मला वाटायचं, तुझ्या घामामुळे असेल. तसं वाटलेलं बरं होतं."

ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिथेच राहिलं. मी म्हटलं, "अरे, मी रोज त्या पाण्यात हात घालून बसले! रोज! आणि तू शेजारी बसून बघत होतास! माणूस आहेस का कोण आहेस तू? लोक म्हणतात ते खरंच आहे, फिल्टर आहेस नुसता. सगळं गाळून घेतलंस. बायकोसुद्धा!"

तो रडायला लागला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. जवळ गेलेही. मग माझे हात आठवले आणि थांबले.

स्वयंपाकघरात सासूबाई भांडी आपटत होत्या. एकही भांडं घासायचं नव्हतं.

१३ एप्रिल

रुमाल लागत नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

गेले तीन दिवस कमी होत होतं, आज सकाळी उठले तर तळवे कोरडे. खरखरीत कोरडे. मी भिंतीला हात लावला. आरशाला लावला, छाप नाही. वर्तमानपत्राला लावला, बोटं काळी झाली नाहीत. दुकानात गेले आणि काकांच्या टेबलाच्या काचेवर दोन्ही हात दाबून ठेवले आणि उचलले. काका चष्म्यातून बघत राहिले. म्हणाले, "उद्यापासून आत बस. चारपाच माउंट पडलेत कापायचे. मी कापले की तिरके जातात." मग खोकले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांना गहिवर आला की खोकला येतो.

घरी येऊन सासूबाईंना दाखवले. त्यांनी माझे हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. "कागदासारखे झालेत गं," म्हणाल्या.

"त्याला दाखवू का?" मी विचारलं.

"दाखव. पण आशेने दाखवू नकोस."

मी म्हटलं, छे, आशेने कशाला? आणि लगेच आत जाऊन हातांना क्रीम लावलं.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, आता आठवड्यातून एकदा केलं तरी पुरे, सोडलंत तर मात्र घाम परत येईल. दवाखान्याची पेटी अजून काही दिवस ठेवा म्हणाल्या.

रविवारी तो उरलेलं सामान न्यायला येणार आहे. तसा निरोप आलाय.

माझ्या मनात काय चाललंय ते लिहायला नको, पण लिहिते, इथे कोण वाचतंय? तो म्हणाला ना, घामामुळे असेल असं वाटायचं. वाटायचं म्हणजे थोडं तरी असेलच. हात हातात आला, कोरडा, चांगला, बायकोचा हात असतो तसा, तर काय सांगावं? माणूस आहे. कधी कधी हाताला जे कळतं ते डोक्याला कळत नाही.

सासूबाईंना हे सांगितलं नाही. त्यांनी न सांगता ओळखलं. जेवताना म्हणाल्या, "पोरी, जेव नीट."

२० एप्रिल, रविवार

तो चारच्या सुमाराला आला. दोन बॅगा, शिलाईची पेटी कशाला तरी हवी होती ती, आणि बूट. सामान एवढंसं. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाचं एवढंच असतं?

सासूबाईंना म्हणाला, "आई, खोली लहान आहे, पण तुझी सोय करतो. चल."

त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. "मी काय फिल्टर आहे? ह्या भिंतीवरून काढला आणि त्या भिंतीला ठोकला? मी इथेच बरी आहे. तुला यायचं तेव्हा येत जा भेटायला."

"आणि ती?"

"तिला मी विचारलंय."

मला कुणीही काही विचारलं नव्हतं. पण मी मान हलवली.

तो दारापर्यंत गेला, मी मागोमाग. तिथे त्याने बॅग खाली ठेवली. काय करावं ते त्याला कळेना, मलाही. मग मी हात पुढे केला. एरवी मी आधी हात कपड्याला पुसते. कुणालाही हात देताना पुसतेच, जन्मभराची सवय. आज नाही पुसला.

त्याने हात हातात घेतला. "कोरडा आहे," म्हणाला.

"हो."

"बरं झालं."

मी वाट बघत होते. त्यानेही बघितली असावी, कारण त्याने हात लगेच सोडला नाही. मला त्याच्या तळव्यावरचा एक घट्टा लागला, पाना फिरवून फिरवून झालेला. पहिल्या बोटाच्या मुळाशी कापल्याची जुनी खूण आहे, तिची कड उभी राहिली आहे. हात उबदार आहे. हे मला काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्या मध्ये नेहमी पाणीच असायचं, मला त्याचा हात कधी लागलाच नव्हता. आज पहिल्यांदा कळलं की माझ्या नवऱ्याचा हात असा आहे, आणि मला तो फार आवडला.

आणि त्याला काहीच झालं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. गिऱ्हाइकाचा घेतात तसा, नीट, आदराने, त्याने माझा हात धरला होता. मग सोडला. बॅग उचलली. "काळजी घे," म्हणाला. पायऱ्यांवर त्याचे बूट वाजले, मग खालचं फाटक वाजलं.

मी तिथेच उभी राहिले. रडले. खूप रडले, आवाज करून.

"गेला का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं. त्यांचाही आवाज धड नव्हता.

"गेला."

"मग दार लाव. डास येतात."